कुंडी भंडारा कसा वाचावा? एका स्मारकावरच्या लिखाणाची चिकित्सा

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे दहा-बारा पेपरांचा सारांश एकाखाली एक लिहिणं, असा समज पीएचडीची तयारी करणाऱ्या बहुतेकांचा असतो. अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं, झालं. पण रिव्ह्यूचं खरं काम वेगळं आहे. आधी जे लिहिलं गेलंय त्यातलं काय तपासलेलं आहे आणि काय नुसतंच एकाकडून दुसऱ्याकडे उतरवलं गेलंय, हे वेगळं करणं म्हणजे रिव्ह्यू. आज हे काम एका उदाहरणावर करून पाहू. उदाहरण आपल्याच खोऱ्यातलं आहे: बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण रावेरहून पुढे गेलं की लगेच लागतं आणि तिथल्या बाजारात मराठी सहज कानावर पडते. नंदुरबारच्या आपल्या मंडळींना तर ते परकं वाटायला नको. तीच तापी, तोच सातपुडा, तोच खानदेश. फारुकी सुलतानांची आधीची राजधानी थाळनेर आणि नंतरची बुऱ्हाणपूर. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि अकबराने खानदेश घेतला. पुढे मुघलांच्या दख्खन मोहिमांचा मोठा तळ इथेच राहिला. मुमताज महलचा मृत्यू १६३१ मध्ये झाला तोही याच गावात.

या शहराला पाणी देण्यासाठी जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सुभेदार अब्दुल रहीम खान-ए-खानान यांनी सातपुड्याच्या पायथ्याकडून जमिनीखालून पाणी आणलं, असं सगळीकडे नोंदलेलं आहे. हे खान-ए-खानान म्हणजे दोहेकार रहीम. एकूण आठ प्रणाली होत्या असं सांगतात. मूल भंडारा, सूखा भंडारा, चिंताहरण आणि खूनी भंडारा ही त्यांतली ठळक नावं. खूनी भंडारा म्हणजेच कुंडी भंडारा. जमिनीवर कुंड्यांची म्हणजे विहिरीसारख्या तोंडांची रांग आणि खाली त्यांना जोडणारं भुयार. हे पाणी जाली करंज या ठिकाणी गोळा होऊन पुढे नळांनी शहरात जायचं. मार्च २०२४ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आलं. त्यानंतर त्यावर लेख, व्हिडिओ, रील्स यांचा पाऊसच पडला.

हे सगळं वाचलं की एक छापील वर्णन हाती लागतं: ‘मध्ययुगीन इस्लामी विहीर, संरक्षित स्मारक.’ वर्णन सरळ दिसतं. पण यातला एकेक शब्द एक दावा आहे, आणि दावा म्हटला की तो तपासायचा. सोप्यापासून सुरुवात करू.

‘विहीर’

वरून पाहिलं तर विहिरीच दिसतात. पण विहीर आणि ही रचना यांचं काम अगदी उलट तत्त्वावर चालतं. विहिरीत आपण पाण्यापर्यंत खाली जातो आणि पाणी जोर लावून वर उपसतो. इथे डोंगराच्या बाजूला, जिथे जमीन उंच आहे, तिथे भूजल गाठायचं आणि अगदी हलक्या उताराच्या भुयारातून ते आपोआप गावाकडे वाहू द्यायचं. जमिनीचा उतार भुयाराच्या उतारापेक्षा जास्त असतो, त्यामुळे गावाजवळ येईपर्यंत भुयार जमिनीच्या जवळ येतं. इराणमध्ये याला कनात म्हणतात, अफगाणिस्तानाकडे कारेझ. मधल्या कुंड्यांचं मूळ काम पाणी काढणं नाहीच. खोदताना माती वर काढायला, हवा खेळायला आणि नंतर गाळ उपसायला त्या ठेवलेल्या असतात. त्यातून पाणी शेंदता येतं, पण ते जोडकाम.

मग फरक शब्दाचाच ना? नाही. विहिरीचं महत्त्वाचं माप खोली, कनातीचं महत्त्वाचं माप उतार. उतार फार असेल तर पाणी भुयाराचा तळ खरवडतं, फार कमी असेल तर गाळ साचतो. किलोमीटरला मीटरभर उतार ठेवायचा तर दर दहा मीटरला एक सेंटिमीटर धरावा लागतो, आणि तोही अंधारात, जमिनीखाली. कुंडी भंडाऱ्यावरच्या लोकप्रिय लिखाणात खोली सापडते (सुमारे ८० फूट, लिफ्टने खाली जाता येतं वगैरे), कुंड्यांची संख्या सापडते, पण उताराचा आकडा शोधायला गेलात तर दमून जाल. म्हणजे जी गोष्ट या रचनेचा प्राण आहे तीच वर्णनातून गळलेली. ‘विहीर’ हा शब्द वापरला की माणूस आपोआप विहिरीचे प्रश्न विचारतो. चुकीच्या नावाने संशोधनात नुकसान होतं ते असं.

कुंड्यांच्या संख्येचंही तसंच. कुठे १०३ वाचायला मिळतात, कुठे १०८. यातला कुठला आकडा खरा, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पहिला प्रश्न असा: मोजलं काय? आज उघडी असलेली तोंडं, की बुजलेलीही? एकाच भुयारावरची, की शेजारच्या प्रणालीचीही? मोजणीची व्याख्या दिली नसेल तर दोन्ही आकडे सारखेच निरुपयोगी. आपल्या प्रयोगशाळेत ‘एन बरोबर किती आणि एन म्हणजे काय’ हे आपण लगेच विचारतो. स्मारकापुढे उभं राहिलं की ही सवय कुठे जाते कुणास ठाऊक.

‘इस्लामी’

आता जरा नाजूक शब्द. हे बांधकाम मुस्लिम सत्तेच्या काळातलं आहे, तंत्राचं इराणशी नातं आहे, एवढं म्हणायला हरकत नाही. पण पाणी देणाऱ्या भुयारात ‘इस्लामी’ नेमकं काय? मशिदीला किब्ला असतो, म्हणजे दिशा धर्माने ठरते. भुयाराची दिशा उतार आणि खडक ठरवतात. कनात तर इराणमध्ये इस्लामच्या कितीतरी आधीपासून होती. युनेस्कोने २०१६ मध्ये ‘पर्शियन कनात’ म्हणून ११ कनाती जागतिक वारशात घेतल्या, त्या नावातही प्रदेश आहे, धर्म नाही.

तुलनेसाठी अहमदाबादची बाई हरीरची वाव घ्या. पंधराव्या शतकाच्या अखेरीची, महमूद बेगड्याच्या जनानखान्याची व्यवस्था पाहणाऱ्या बाईने बांधवलेली. तिथे अरबी लेख आहे आणि संस्कृत लेखही आहे. बांधवणारी मुस्लिम, रचना गुजरातेतल्या जुन्या वावांच्या परंपरेतली, पाणी पिणारे सगळेच. या वावेला एकाच धर्माच्या रकान्यात टाकलं तर दोनपैकी एक लेख डोळ्याआड करावा लागेल. आणि हे काही लांबचं उदाहरण नाही. नंदुरबार आणि सुलतानपूर हा आपला पट्टा गुजरातचे सुलतान आणि खानदेशचे फारुकी यांच्या ओढाताणीत अनेकदा इकडून तिकडे गेलेला आहे.

याचा अर्थ इराणी संबंध झटकून टाकायचा, असा कोणी घेऊ नये. दख्खनमध्ये या तंत्राची साखळीच दिसते. बीदरजवळ नौबादचं करेज बहमनी काळातलं, पंधराव्या शतकातलं. खडकीत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरची नहर सतराव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे कुंडी भंडाऱ्याच्या आगेमागेच. या तिन्ही ठिकाणी इराणी ज्ञान आलं असणार. पण गंमत इथे सुरू होते: तिन्ही ठिकाणचा खडक वेगळा आहे. बीदरला जांभा, खालती बेसाल्ट. खडकीला डोंगराळ बेसाल्ट. बुऱ्हाणपूरला सातपुड्याच्या पायथ्याचा गाळ. एकच कृती तीन वेगळ्या भांड्यांत शिजवायची तर प्रत्येक वेळी आच वेगळी ठेवावी लागते. ती आच कोणी ठरवली? इथल्या मातीची जाण असलेल्या माणसांशिवाय ते शक्य होतं का? ‘इराणहून आलेलं तंत्र’ या वाक्यात आलेलं दिसतं, इथे येऊन बदललेलं दिसत नाही. माझ्या मते खरा संशोधनप्रश्न तिथेच आहे.

तबकुतुल अर्ज कोण होता?

या प्रणालीचा कर्ता म्हणून एका इराणी भूगर्भतज्ज्ञाचं नाव जवळजवळ प्रत्येक लेखात येतं: तबकुतुल अर्ज. आता जरा थांबा. अरबी-फारसीत ‘तबकात’ म्हणजे थर आणि ‘अर्ज’ म्हणजे पृथ्वी, जमीन. ‘तबकातुल अर्ज’ म्हणजे जमिनीचे थर. उर्दूत भूगर्भशास्त्राला ‘इल्म-ए-तबकातुल अर्ज’ म्हणतात. म्हणजे आपण म्हणतोय काय, तर एका भूगर्भतज्ज्ञाचं नाव होतं ‘भूगर्भ’!

असं नाव एखाद्याचं असूच शकत नाही असं नाही. ती पदवी असेल, टोपणनाव असेल. पण माझा संशय वेगळा आहे. कुठल्या तरी उर्दू मजकुरात ‘भूगर्भशास्त्र जाणणाऱ्याने हे काम केलं’ असं वाक्य असावं, आणि ते हिंदी-इंग्रजीत उतरवताना शास्त्राचं नाव माणसाला चिकटलं असावं. हा संशय आहे, निष्कर्ष नाही. तो तपासायचा कसा, हे मात्र सांगता येतं: हे नाव सर्वांत आधी कुठल्या मजकुरात येतं ते शोधायचं. समकालीन फारसी साधनात सापडलं तर माझा संशय बाद. सर्वांत जुना उल्लेख एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला निघाला तर संशय बळावेल. तुमच्यापैकी कोणाला फारसी किंवा उर्दू येत असेल तर एमएच्या प्रबंधाला पुरेल एवढा हा विषय आहे.

यातून शिकण्यासारखं असं की, वीस लेखांत एकच नाव आलं म्हणून ते वीस पुरावे होत नाहीत. एकाच लेखावरून एकोणीस जणांनी घेतलं असेल तर पुरावा एकच. संदर्भांची संख्या मोजू नका, त्यांची वंशावळ काढा.

आणखी एक खटकणारी गोष्ट. सुभेदाराचं नाव आहे, तज्ज्ञाचं (बहुधा) नाव आहे. भुयार खणणारे, दर वर्षी आत उतरून गाळ काढणारे कुठे आहेत? इराणमध्ये हे काम करणाऱ्यांना मुकन्नी म्हणतात, त्यांची पिढ्यानपिढ्यांची कौशल्यं नोंदवली गेली आहेत. आपल्याकडे धुळ्याच्या पांझरा काठची फड पद्धत घ्या. तिथले बंधारे माहीत आहेत तसेच पाटकरी आणि जागल्या हेही माहीत आहेत. पाणी कोण सोडायचं, राखण कोण करायचं, हे त्या शब्दांतच आहे. कुंडी भंडाऱ्यावरच्या प्रचलित लिखाणात असा एकही शब्द भेटत नाही. चारशे वर्षं चाललेली व्यवस्था बिनदेखभालीची चालली असेल, हे तर शक्य नाही.

‘मध्ययुगीन’

हा शब्द सवयीने येतो. १६१५ साल जगाच्या इतिहासात आरंभीच्या आधुनिक काळात मोजतात. भारतात मुस्लिम सत्तांचा सगळा काळ ‘मध्ययुग’ म्हणायची सवय जुन्या वसाहतकालीन इतिहासलेखनातून आली. जेम्स मिलने १८१७ साली भारताचा इतिहास लिहिताना हिंदू, मुस्लिम आणि ब्रिटिश अशी विभागणी केली, पुढे तीच प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक या नावांनी पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. परीक्षेत लिहा हवं तर, पण संशोधनात ‘मध्ययुगीन’ लिहिण्यापेक्षा ‘सतराव्या शतकाची सुरुवात’ लिहिलेलं बरं. ते तपासता येतं.

आणि तपासायला खरंच काही आहे. बुऱ्हाणपूर मुघल येण्याआधी जवळपास दोनशे वर्षं फारुकींचं शहर होतं. इतकी वर्षं लोक नुसतं तापीचं आणि साध्या विहिरींचंच पाणी प्यायले का? की आठपैकी एखाद्या प्रणालीची सुरुवात आधीचीच असून १६१५ ला ती वाढवली, जोडली? बांधकामातला चुना, विटांची मापं, वेगवेगळ्या भागांतली बांधणीची पद्धत, यांवरून टप्पे वेगळे करता येतात. ‘१६१५ मध्ये बांधलं’ या तीन शब्दांच्या वाक्याने हा सगळा प्रश्न झाकून टाकलाय.

नदी शेजारी असताना हा खटाटोप का?

याचं ठरलेलं उत्तर असं मिळतं: शत्रू नदीत विष कालवील या भीतीने. लष्करी तळ होता, तेव्हा भीती असेलही. पण बारमाही वाहत्या नदीत विष कालवून एवढं शहर मारणं किती व्यवहार्य आहे, हा विचार उत्तर देणारा करत नाही. मला दुसरं, कंटाळवाणं उत्तर जास्त पटतं. ते आकडेमोडीतून येतं.

समजा, नदीतून एक लाख लिटर पाणी २० मीटर वर चढवायचं. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे साधारण १९.६ मेगाज्यूल, सुमारे साडेपाच युनिट. आज वीजबिलात हे काहीच नाही. पण तेव्हा मोट होती. बैलजोडी सलग काम करताना ढोबळमानाने एक अश्वशक्ती देते असं धरलं, तर हे सव्वासात तासांचं काम. दोर, चाक, सांडलवंड यात निम्मी शक्ती वाया गेली तर पंधरा तास. म्हणजे रोज दोन बैलजोड्या फक्त एका लाख लिटरसाठी. माणशी वीस लिटर धरून पन्नास हजारांच्या वस्तीला रोज दहा लाख लिटर लागतील, म्हणजे वीस जोड्या रोज, बारा महिने, त्यांचा चारा, त्यांचे हाकणारे. भुयाराला एकदा खर्च आणि मग फक्त गाळ काढणं. पावसाळ्यात गढूळ होणाऱ्या नदीच्या जागी गाळून आलेलं स्वच्छ पाणी मिळतं, ते वेगळंच.

यातले आकडे गृहीतकं आहेत, हे विसरू नका. वीस मीटरऐवजी खरी उंची मोजा, उत्तर बदलेल. पण विषाची गोष्ट मोजता येत नाही आणि ही मोजता येते. दोन स्पष्टीकरणांत मोजता येणारं आधी घ्यायचं, ही विज्ञानाची साधी शिस्त आहे.

‘संरक्षित’

आता शेवटचा शब्द, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर.

आधी भूगर्भ. सातपुड्याच्या पायथ्याशी तापीच्या बाजूला डोंगरातून आलेल्या ओढ्यांनी दगडगोटे, भरड वाळू, मुरूम यांचा जाड थर पसरवलाय. याला बझाडा म्हणतात. हा पट्टा बुऱ्हाणपूरपासून रावेर, यावल, चोपडा करत आपल्या शहादा-तळोद्याच्या बाजूपर्यंत तुकड्यातुकड्याने दिसतो. डोंगरातून ओढा खळाळत येतो आणि या पट्ट्यात जिरून जातो. ते पाणी जमिनीखालून नदीकडे सरकतं. कुंडी भंडाऱ्याचं भुयार याच सरकत्या पाण्याला आडवं जातं. म्हणजे या स्मारकाचा अर्धा भाग माणसांनी बांधला आणि अर्धा सातपुड्याने. आपण संरक्षण देतो ते पहिल्या अर्ध्याला.

आपला १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा पाहा. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. किल्ला, मशीद, मंदिर यांना हे चालतं, कारण धोका बाहेरून येतो: शेजारची इमारत, खोदकाम, हादरे. आता हाच साचा पाण्याच्या रचनेला लावा. एका कुंडीभोवती ३०० मीटरचं वर्तुळ काढलं तर क्षेत्रफळ होतं ०.२८ चौरस किलोमीटर. समजा, तिला पाणी देणारं क्षेत्र २० चौरस किलोमीटर आहे (हा आकडा फक्त उदाहरणाचा). म्हणजे आपण दीड टक्काही राखलं नाही. सगळ्या कुंड्यांची रांग धरली तरी ती ६०० मीटर रुंदीची पट्टी, आणि तीही भुयाराच्या डोक्यावरची. पाणी येतं ते वरच्या अंगाने, पट्टीच्या बाहेरून.

तिथे दुसरा कायदा लागतो. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून आपल्याकडे जमीन ज्याची त्याचं खालचं पाणी, असाच व्यवहार चालत आलाय. दगडाचा कायदा एक, पाण्याचा दुसरा, आणि दोघांची गाठ कुठेच पडत नाही. स्मारकाच्या हद्दीत कोणी एक वीट हलवली तर नोटीस येईल. हद्दीबाहेर कोणी खोल बोअर मारून भुयारातलं पाणी तळापासून ओढून घेतलं, तर स्मारकाचं काही बिघडलं असं कागदोपत्री दिसणारच नाही.

आणि इथेच कनातीचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. भुयाराच्या तळापेक्षा खालचं पाणी कनातीला काढताच येत नाही. भूजल पातळी तळाच्या वर असेल तर ती वाहते, खाली गेली की थांबते. ती स्वतःहून अतिउपसा करूच शकत नाही. पण म्हणूनच आजूबाजूला बोअर वाढले की सगळ्यात आधी तीच मरते. इराणमध्ये विसाव्या शतकात पंप आल्यावर असंख्य कनाती अशाच कोरड्या पडल्या. आपल्याकडे रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात बोअर किती खोल गेलेत, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. यात शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही, केळीला पाणी लागतं आणि पोट त्यावर आहे. पण एवढं नक्की की, कुंडी भंडारा नुसती जुनी वास्तू नाही, तो चारशे वर्षं चालू असलेला भूजल मोजण्याचा काटा आहे. काटा काचेच्या कपाटात ठेवला आणि तो काय दाखवतोय हे वाचलंच नाही, तर त्याला जतन म्हणायचं का?

माझ्या मते अशा स्मारकाच्या जतनाची कसोटी एकच असावी: दर महिन्याला जाली करंजला मिनिटाला किती लिटर पाणी येतं. हा आकडा दर महिन्याला फलकावर लिहिला जावा. दगडाची डागडुजी, रोषणाई, लिफ्ट हे सगळं त्यानंतर. भुयाराच्या भिंतींवर चुन्याचा थर धरतो, त्याचाही विचार यातच येतो. भूजलात विरघळलेलं कॅल्शियम हवेशी संपर्क आला, कार्बन डायऑक्साइड निसटला की चुन्याच्या रूपात बाहेर पडतं आणि झिरपायच्या फटी बुजवतं. पूर्वी लोक आत उतरून साफसफाई करत असतील तर हे आवरत असेल. आता ‘हात लावू नका’ हा स्मारकाचा नियम आणि ‘दर वर्षी हात लावा’ ही कनातीची गरज. दोन्ही एकाच वेळी कसे पाळायचे? याचं उत्तर पुरातत्त्ववाला एकटा देऊ शकत नाही, भूजलवालाही नाही.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी तापी मेगा रिचार्ज योजनेसाठी सामंजस्य करार केला. पायथ्याच्या याच भरड थरात पुराचं पाणी जिरवायचं, अशी तिची मूळ कल्पना आहे. ज्या भूगर्भावर सतराव्या शतकात शहर जगलं, त्याच भूगर्भावर एकविसाव्या शतकात शेती जगवायचा हा बेत. या योजनेच्या मोजमापात कुंडी भंडाऱ्यासारख्या रचना निरीक्षण-विहिरी म्हणून धरल्या तर वारसा आणि सिंचन या दोन्ही खात्यांना एकमेकांचं तोंड पाहावं लागेल. ते व्हायला हवं.

डोंगराच्या वरच्या अंगाला

एक गोष्ट मात्र सगळ्याच लिखाणात राहून जाते. पाणी पायथ्याला जिरतं, पण पडतं वर, डोंगरात. त्याच सातपुड्याच्या पश्चिम टोकाला, अक्कलकुवा तालुक्यात, काठी आहे. काठी म्हटलं की राजवाडी होळी आठवते. पण काठीच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, हेही पाहण्यासारखं आहे: डोंगरकपारीतला झरा, नाहीतर नाल्याच्या वाळूत उकरलेला झिरा. झिरा म्हणजे काय, तर वाळूत सरकणाऱ्या पाण्याला गाठणं. तत्त्व कुंडी भंडाऱ्याचंच. फक्त त्याला चुना-विटा नाहीत, सुभेदाराचं नाव नाही, म्हणून तो कुठल्याच यादीत नाही. पुढच्या पुरात तो बुजतो आणि पुन्हा कोणीतरी, बहुतेक वेळा बाईच, तो उकरते.

आणि होळीचं पाहा. तिला इमारत नाही, तरी ती टिकली, कारण दर वर्षी माणसं ती करतात. जतन दोन तऱ्हेचं असतं: एक कुंपण घालून, दुसरं करत राहून. कनात, फड, झिरा या सगळ्या दुसऱ्या तऱ्हेच्या गोष्टी आहेत. आपण त्यांच्यातली एकच उचलली, कारण तिला दगड होता, आणि तिला पहिल्या तऱ्हेच्या रकान्यात बसवलं.

आता कामाचं. तुम्ही संशोधन प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा तुमच्या विषयाचं असंच एक छापील वर्णन घ्या, जे सगळे वापरतात. त्यातला प्रत्येक शब्द कुठला दावा करतो ते लिहा. तो दावा कशाने खोटा ठरेल ते त्याच्यापुढे लिहा. ज्या शब्दापुढे काहीच लिहिता येणार नाही, तो शब्द तुमच्या प्रस्तावातून काढा. ज्या शब्दापुढे लिहिता येतंय पण आजवर कोणी मोजलेलं नाही, तिथे तुमचा विषय आहे. कुंडी भंडाऱ्याच्या बाबतीत माझ्या वहीत अशा पाच गोष्टी उरल्या: भुयाराचा उतार, बांधकामाचे टप्पे, त्या नावाचा पहिला उल्लेख, देखभाल करणाऱ्यांचा माग आणि महिन्यागणिक पाण्याचा प्रवाह. यातली शेवटची गोष्ट मोजायला एक बादली, एक घड्याळ आणि वर्षभराची चिकाटी पुरते. लेव्हलिंगचं यंत्र कुठल्याही सिव्हिल विभागात मिळेल. उरलेल्या तिन्हींसाठी ग्रंथालय, गावातली म्हातारी माणसं आणि फारसी जाणणारा एखादा मित्र. कोणी यातलं एक जरी हाती घेतलं, तरी पुढच्या माणसाला एक वाक्य उतरवून न घेता लिहिता येईल.